जमिनीला कान लावून : पेडणे-डिचोलीतले पाच दिवस

गोव्याहून परत आले तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "समुद्र कसा होता गं?" पाच दिवसांत मी समुद्र पाहिलाच नाही, असं सांगितल्यावर त्यांना वाटलं, मी तिथे आजारी पडले असणार. तसं काही झालं नव्हतं. पण परत आल्यापासून घरातल्या फरशीवरून चालताना मी मध्येच थांबते, हे खरं आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

मी पुण्यात जपानी भाषेची दुभाषी आहे. बावीस वर्षं हेच काम करते. या वेळी निमित्त होतं दोन देशांच्या एका कराराचं. पेडण्याच्या पठारावर, मोपाच्या विमानतळापासून जवळच, एक नवं शाश्वत शहर उभं करायचं होतं. कमी धुराचे कारखाने, सांडपाणी पुन्हा वापरणारी घरं, झाडांच्या रांगा, सगळं त्यात होतं. कारखान्यांचं पाणी शुद्ध केल्यावर जो गाळ उरेल तो डिचोली तालुक्यातल्या एका बंद खाणीच्या खड्ड्यात अस्तर घालून कायमचा पुरायचा, अशी योजना होती. त्यासाठी जपानहून एक भूजलतज्ज्ञ येणार होते. खड्डा 'बंद' आहे, म्हणजे त्यातलं पाणी बाहेर कुठेही जात नाही, एवढ्या एका वाक्याखाली त्यांची सही हवी होती.

मोपा आणि पेडणे

हे तज्ज्ञ म्हणजे हायाशी-सान. सत्तरीला टेकलेले, बारीक चणीचे, कमी बोलणारे. मोपाला त्यांचं सामान अडलं. त्यात चार फूट लांबीची लोखंडी सळी होती, एका टोकाला बशीएवढी चकती. हे काय हत्यार, असं तपासणी अधिकाऱ्याने विचारलं. हायाशी-साननी सळीचं टोक फरशीवर टेकवलं, चकतीला कान लावला आणि मग अधिकाऱ्यालाही ऐकायला लावलं.

"काहीच ऐकू येत नाही," अधिकारी म्हणाला.

"म्हणजे फरशी चांगली आहे," हायाशी-सान म्हणाले. मी भाषांतर केलं आणि आम्ही सुटलो.

जपानमध्ये जमिनीखालचे गळके नळ असे काठीने शोधतात. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून कान तयार होतो म्हणे.

बाहेर आमचा ड्रायव्हर उभा होता. बाबल नाव, बांद्याचा. खाणी सुरू होत्या तेव्हा दहा वर्षं डिचोलीत खनिजाचा टिपर चालवायचा. खाणी बंद झाल्यावर भाड्याची गाडी घेतली. लॉजवर जाण्याआधी पठार बघायचं ठरलं. पावसाळा नुकताच संपला होता. सड्यावरचं, म्हणजे त्या कातळपठारावरचं, गवत वाळून सोनेरी झालेलं, मधून काळा-तांबूस कातळ उघडा पडलेला. वारा होता, पण गवत वाजत नव्हतं.

एका एकट्या धोंड्यापाशी बाबलने गाडी थांबवली, खिशातून विडा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि हात जोडून पुटपुटला, "बा राखणदारा, पावणे इलेत, सांभाळून घे."

हायाशी-साननी विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, जमिनीच्या मालकाला आलो म्हणून कळवायचं असतं. त्यांना ते अजिबात विचित्र वाटलं नाही. त्यांच्याकडेही घर बांधण्याआधी जमिनीची परवानगी मागतात. "फक्त आम्ही पुजाऱ्याला बोलावतो," ते म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर स्वतः बोलतो. हे जास्त बरं."

मग त्यांनी कातळाच्या एका भेगेत सळी टेकवली. बराच वेळ वाकून ऐकलं आणि चकती माझ्याकडे केली.

खाली पाणी होतं. मला वाटलं होतं खळखळ ऐकू येईल. पण तो आवाज थांबून थांबून येत होता, भिंतीपलीकडे चार-पाच माणसं दबक्या आवाजात बोलत असावीत तसा. शब्द कळत नव्हते, पण जरा वेळ ऐकलं तर कळतील असं वाटत होतं. मी घाईने सळी परत दिली. माझ्या हातातल्या नकाशावर आम्ही उभे होतो त्या जागी 'रिकामी जमीन' असं छापलेलं होतं.

सकाळी पेडण्याच्या लॉजखाली पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत आला. गरम गोल पाव, म्हणजे उंडे, आणि पातळभाजी असा आमचा नाश्ता. हायाशी-सानना मात्र उकड्या तांदळाची पेज हवी होती. लॉजच्या मालकिणीने पेजेसोबत सुक्या बांगड्याची तिखट कोशिंबीर, किस्मूर, वाढली. त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडेही आजारी माणसाला आणि म्हाताऱ्यांना अशीच पेज देतात. "फक्त आमची इतकी रागीट नसते," मिरचीने डोळ्यांत आलेलं पाणी पुसत ते म्हणाले.

डिचोली, दुसरा दिवस

खाणीच्या पायथ्याच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. देवळाच्या मंडपात गावकऱ्यांची बैठक होती. बैठक चालवत होते ते समन्वयक. दोन्ही देशांच्या वतीने नेमलेले, चाळिशीतले, अतिशय सभ्य गृहस्थ. लोकांनी नोकऱ्यांचं विचारलं, रस्त्याचं विचारलं. शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. लहानखुरी, नऊवारी नेसलेली, हातात छत्री.

"मी सुमती. डोंगराच्या पलतडी रवतंय," ती म्हणाली. "माझ्या बांयत आवाज येता. रातदीस बारीक, दुपारचो मोठो. मिशीन चलता तसो. खाण बंद पडून इतकी वर्सां झाली, पण माझ्या बांयत ती अजून चलता. पाण्याचो वासय बदललो. मी पंचायतीत सांगलंय, कोण ऐकणा नाय. ह्या पावण्याक सांग गो बाय, माझ्या बांयत कोणतरी खणता."

बांय म्हणजे विहीर. मंडपात हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "सुमतीबायचा कायतरीच!" समन्वयक माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पुढे जाऊया."

हायाशी-सान माझ्याकडे बघत होते. परक्या माणसासमोर हे काय सांगायचं, असं मला वाटलं. मी जपानीत एवढंच म्हटलं, "या बाईंना आवाजाचा त्रास होतो."

दुपारी खड्ड्यावर गेलो. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत खाली नेलेला, लाल भिंती, आणि तळाशी पाणी. त्या पाण्याचा रंग सुंदर होता, निळसर हिरवा, पण त्याच्यावर एकही पक्षी नव्हता. काठावर बेडूक नाही, चतुर नाही. आमचं बोलणं भिंतींवरून परत यायला हवं होतं, तेही येत नव्हतं. बाबल कडेलाच थांबला. "मी नाय येवचंय खाली," तो म्हणाला. "दहा वर्सां हयसर टिपर घेवन उतरलंय. आता पाय टाकूचो वाटणा नाय."

हायाशी-साननी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. पाण्याच्या पातळीपासून दोन पुरुष उंचीवर एक ओली रेघ होती. म्हणजे पाणी नुकतंच तिथपर्यंत होतं. पंप नव्हता, ओढा नव्हता, आणि दोन पुरुष पाणी काही उन्हाने इतक्यात आटत नाही.

"हे पाणी गेलं कुठे?" त्यांनी विचारलं. समन्वयकांनी मोबाइलवर त्या रेघेचा फोटो घेतला.

पंचायतीची परवानगी आधीच घेतलेली होती. हायाशी-साननी पिशवीतून रंगाची पूड काढली. अपाय न करणारा रंग. पाण्यात मिसळला की पोपटी होतो आणि अगदी थोडा असला तरी ओळखू येतो. काठावरून त्यांनी तो ओतला. वारा पडलेला होता. पोपटी ढग पाण्यात पसरला आणि मग लांबट होऊन हळूहळू उत्तरेच्या भिंतीकडे सरकू लागला. कोणी दोरीने ओढत असावं तसा. आम्ही तिघे त्याच्याकडे बघत राहिलो. भिंतीपाशी पोचून तो खाली गेला.

संध्याकाळी डिचोलीतल्या खानावळीत जेवताना हायाशी-साननी सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, बाजूला सारलं आणि विचारलं, "लिमये-सान, सकाळच्या त्या छत्रीवाल्या बाई किती वेळ बोलल्या?"

"दोनेक मिनिटं."

"आणि तुम्ही?"

मी हातातला घास ताटात ठेवला. मग मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. दुपारचा आवाज, मशीन, वास, कोणीतरी खणतं, सगळं. मला ते वेडगळ वाटलं म्हणून गाळलं, हेही सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "काय गाळायचं ते तुम्ही ठरवलंत, म्हणजे मी काय ऐकायचं तेही तुम्हीच ठरवलंत. उद्या त्यांच्याकडे जाऊ."

डोंगरापलीकडे

सुमतीबाईंचं घर डोंगराच्या दुसऱ्या उतारावर, माडा-पोफळींत होतं. नकाशाप्रमाणे खाणीचं पाणी त्या बाजूला जाणं शक्यच नव्हतं. नवरा खाणीत होता, तो वारला. मुलगी लग्न होऊन वास्कोला. बाई एकट्या राहत. आम्हाला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी आम्हाला गूळ-पाणी दिलं आणि लगेच सांगितलं, "बांयचा न्हय. शेजारच्या नळाचा. बांयचा मी कोणाक देणा नाय."

आम्ही विहिरीपाशी बसून राहिलो. बारा वाजून गेले. सावल्या पायाखाली आल्या. पोफळीची एक झावळी पडली तेव्हा बाबल दचकून उभाच राहिला.

"आता," सुमतीबाई म्हणाल्या.

हायाशी-साननी विहिरीच्या दगडी कठड्यावर सळी टेकवली. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यावर काहीच हललं नाही, फक्त रंग उतरत गेला. त्यांनी चकती मला दिली.

धप्प. मग बराच वेळ काही नाही. मी श्वास सोडणार एवढ्यात पुन्हा धप्प. आणि त्यामागून काहीतरी घसरत गेल्याचा लांबलचक आवाज. खोलीचा अंदाज येत नव्हता. कधी तो विहिरीत वाटे, कधी घराखाली, आणि एकदा मी बसले होते त्या दगडाखाली.

बाबलने ऐकलं आणि सळी तिथेच सोडून मागे सरला. "मॅडम, मशिनीचो बकेट माती घेता, तेवाचो आवाज ह्यो. मी दहा वर्सां ऐकलंय."

"मशीन नाही," हायाशी-सान म्हणाले. हे मात्र मी सुमतीबाईंना एकेक शब्द जपून सांगितलं. "डोंगरातून पाणी वाट काढतं आहे आणि माती वाहून नेतं आहे. तुमच्या अंगणाखाली पोकळी आहे. तिचं छत तुकड्या-तुकड्याने खाली पाण्यात पडतं आहे."

"दुपारीच मोठा का होतो?" मी हायाशी-सानना विचारलं.

त्यांनी सळी उचलून घेतली. "ते मला सांगता येणार नाही."

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही आधी देवळाजवळचा झरा तपासला. खाणीचं पाणी बाहेर येत असेल तर इथेच येणार, असं सगळ्यांना वाटत होतं. पाणी स्वच्छ होतं, रंगाचा मागमूस नव्हता. समन्वयकांचा चेहरा उजळला. खड्डा बंद आहे असं त्यांनी तिथूनच पणजीला फोनवर कळवलं. हायाशी-सान गाडीत बसले आणि बाबलने न सांगता गाडी डोंगरापलीकडे घेतली.

सुमतीबाईंनी बादली वर काढली. बादलीत पाणी नेहमीसारखंच दिसलं. हायाशी-साननी ते काचेच्या बाटलीत भरून उन्हात धरलं, आणि बाटली पोपटी झाली.

बाई जवळ आल्या. "ह्यो रंग तुमचो?"

"हो," मी म्हटलं.

"मगे मी खोटा बोलाक नाय."

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. हायाशी-सान त्यांच्यापुढे कमरेत वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, घर आजच सोडा.

"घर सोडून खंय जाव?" सुमतीबाई म्हणाल्या. "लग्न होवन ह्याच घरात इलंय. आवाज असा तवसर खाली काय चल्ला असा ता माका कळता. भियेवचा नाय." आवाज आहे तोवर भीती नाही, असं त्यांचं म्हणणं. हायाशी-साननी तीनदा सांगितलं, मी तीनदा सांगितलं. त्या फक्त मान हलवत राहिल्या. निदान रात्रीपुरत्या शेजारी जा, एवढंही त्यांनी ऐकलं नाही. शेजारच्या बाईंना मी फोन नंबर देऊन ठेवला.

संध्याकाळी समन्वयक मला लॉजच्या व्हरांड्यात भेटले. चहा मागवला. "उद्या पणजीत दोन्ही बाजूंचे मोठे लोक असतील," ते म्हणाले. "हायाशी-सान बोलतील ते बोलू देत. तुम्ही फक्त 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असं सौम्य करा. भाषांतरात एवढं चालतं, तुम्हाला मी काय सांगणार? आणि पुढच्या वर्षी इथे दुभाषी लागणारच आहेत."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायचंही धाडस झालं नाही. चहा प्यायले.

पाचवा दिवस

पणजीला जाण्याआधी पाण्याची आणखी एक बाटली भरायची होती. सकाळी डोंगर उतरलो तर वाटेवरच माणसं उभी. सुमतीबाई शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसल्या होत्या. शेजारी एक ट्रंक, मांडीवर देवांचं गाठोडं.

"काय झालं?" मी धावत गेले.

"आवाज बंद झालो," त्या म्हणाल्या. "पहाटे जाग इली तर काय्येक ऐकू येईना. इतक्या वर्सांत तसा कधी जावक नव्हता. म्हणान देव उचलले आणि भायर इलंय."

त्या बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात विहीर गेली होती. कठडा, धुण्याचा दगड, निम्मं अंगण. जिथे आम्ही बसलो होतो तिथे काळं भोक होतं आणि त्याच्या कडेला एक पोफळ उभीच्या उभी आत कलली होती. पडल्याचा आवाज शेजारच्या कोणीच ऐकला नव्हता. घराच्या भिंतीला मुळापासून छपरापर्यंत तडा गेला होता. अंगणाच्या कडेला फणसाचं झाड होतं, त्याच्या पुढे हायाशी-साननी कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. बाबलने एक खडा आत टाकला. आम्ही वाट पाहिली. काही ऐकू आलं नाही, पाणीही नाही.

पणजीच्या सभागृहात थंडगार हवा होती आणि भिंतीवर नव्या शहराचं मोठं चित्र. हायाशी-सान उठले. खड्डा फुटका आहे, तो कसल्याही गाळासाठी चालणार नाही, एक घर गेलं आहे, आणि पठाराखालचं पाणी कुठून कुठे जातं हे कळल्याशिवाय वर शहर बांधू नये, असं ते म्हणाले. समन्वयक माझ्याकडे बघत होते. मी सगळं सांगितलं. शेवटी, मला कोणी सांगितलं नसताना, सुमतीबाई मंडपात जे बोलल्या होत्या तेही दोन्ही भाषांत सांगितलं, आणि ते मी त्या दिवशी गाळलं होतं हेही.

इथले वरिष्ठ गप्प बसले आणि तिथले वरिष्ठही गप्प बसले. गप्प बसण्याची पद्धत दोन्ही देशांची अगदी सारखी आहे. मग जपानी बाजूच्या प्रमुखांनी विचारलं, अहवाल थोडा उशिरा देता येईल का. हायाशी-सान म्हणाले, "तो मी दिला आहे. आत्ताच." खड्डा त्याच दिवशी योजनेतून काढण्यात आला. शहराचं काम पठाराची पाहणी होईपर्यंत थांबवलं गेलं. समन्वयक त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्या कामासाठी पुन्हा बोलावणंही आलेलं नाही.

दुपार कलली तेव्हा आम्ही पुन्हा गावात होतो. हायाशी-साननी सकाळी त्या उतारावर जागोजागी सळी टेकवून ऐकलं होतं आणि नकाशावर लाल रेघ ओढली होती. रेघेच्या आतली घरं रिकामी करायची होती. मंडपात सगळा गाव जमला होता. या वेळी कोणी हसत नव्हतं.

घरमालकांची नावं मला वाचायची होती. मी पहिलं नाव वाचलं. एक माणूस उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. दुसरं वाचलं. एका बाईने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. अशी सात नावं झाली. पंचायतीने शाळेच्या खोल्या उघडल्या होत्या, तिथे सोय होईल असं सरपंचांनी सांगितलं. सुमतीबाईंना न्यायला त्यांची मुलगी वास्कोहून आली होती. ती आईचा हात धरून खांबापाशी बसली होती.

मागून एका तरुण बाईने हात वर केला. तिचं घर रेघेबाहेर होतं, अगदी लागून. तिने विचारलं, "रेघेच्या भायर जमीन घट्ट असा म्हणान ह्यांका नक्की म्हायत असा?"

मी प्रश्न जसाच्या तसा सांगितला. हायाशी-साननी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी तीन शब्दांत उत्तर दिलं.

त्याच्या पुढे एखादं बरं वाक्य जोडावं असं मला फार वाटलं. सगळा मंडप माझ्या तोंडाकडे बघत होता.

"ते म्हणतात, मला माहीत नाही," मी म्हटलं.

लोक उठले, चपला घातल्या आणि आपापल्या वाटेने घराकडे निघाले. रेघेच्या आतले आणि बाहेरचे, सगळेच, पाय अलगद टेकवत चालत होते.